ड्रमवाला तोच, मग बँड कोणता?

गेल्या अंकात या सदरात मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं : जुना हार्ड रॉक ऐकताना बँड ओळखायचा तर गाणाऱ्याच्या गळ्यावर जाऊ नका, ड्रमवाल्याच्या हातांवर जा. त्यावर पत्रं आली. कौतुकाची थोडी, भांडणाची जास्त. भांडणाची लै आवडली. पत्रलेखकांची नावं छापत नाही, गावं छापतो. मी स्वतः परभणीचा, ऑर्केस्ट्रात ड्रमवर बसून पोट भरलेला माणूस. तेव्हा उत्तरांत कुठं गिटारवाल्यांवर अन्याय झाला असेल तर तो जाणूनबुजून केलाय असं समजावं.

प्रश्न : डीप पर्पलच्या चाहत्यांत कायम ‘मार्क १’, ‘मार्क २’, ‘मार्क ३’ चालू असतं. हे काय प्रकरण आहे? आणि त्यातला खरा डीप पर्पल कोणता? – महाविद्यालयीन विद्यार्थी, अंबाजोगाई

उत्तर : हिशेब सोपा आहे. माणसं बदलली की पुढचा नंबर. १९६८ साली इंग्लंडात बँड उभा राहिला तेव्हा गायला रॉड एव्हन्स, बास गिटारवर निक सिंपर, गिटारला रिची ब्लॅकमोर, ऑर्गनवर जॉन लॉर्ड आणि ड्रमवर इयन पेस नावाचं एकोणीस-वीस वर्षांचं पोरगं. हा मार्क १. त्यांचं ‘हश’ अमेरिकेत चौथ्या नंबरापर्यंत चढलं, तरी पुढच्याच वर्षी एव्हन्स आणि सिंपरला नारळ मिळाला. ‘एपिसोड सिक्स’ नावाच्या बँडमधून इयन गिलन आणि रॉजर ग्लोव्हर आले. हा मार्क २. ‘इन रॉक’ (१९७०), ‘फायरबॉल’ (१९७१), ‘मशीन हेड’ (१९७२) आणि ऑगस्ट १९७२ मधे जपानात रेकॉर्ड झालेला लाइव्ह अल्बम, एवढं सगळं याच पाच जणांचं. १९७३ मधे गिलन-ग्लोव्हर बाहेर पडले. कपड्यांच्या दुकानात काम करणारा डेव्हिड कव्हरडेल गायला आला, आणि ‘ट्रपीझ’मधला ग्लेन ह्यूज बास वाजवता वाजवता गायलाही लागला. मार्क ३. १९७५ ला खुद्द ब्लॅकमोर उठून गेला, अमेरिकेचा टॉमी बोलिन आला, आणि १९७६ ला दुकान बंद. १९८४ ला मार्क २ वाले पुन्हा एकत्र आले. त्यापुढचा पाढा म्हणत बसत नाही. गिलन जातो, परत येतो. ब्लॅकमोर १९९३ ला कायमचा जातो. २००२ ला जॉन लॉर्डही बाजूला होतो. पहिल्या दिवसापासून आजपर्यंत प्रत्येक नंबरात बसलेला माणूस एकच. इयन पेस.

आमच्या वेळी हे नंबर कुणाला माहीत होते? औरंगाबादला (तेव्हा तेच नाव) गुलमंडीच्या बाजूला कॅसेट भरून देणारे असायचे. नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट द्यायची. एका बाजूला एक अल्बम, दुसऱ्या बाजूला दुसरा. वर बॉलपेननं ‘डीप पर्पल १’, ‘डीप पर्पल २’ असं भरणाऱ्यानं त्याच्या सोयीनं लिहिलेलं. माझ्या ‘डीप पर्पल १’मधे एकीकडं ‘मशीन हेड’ होता नि दुसरीकडं मार्क ३ चा ‘बर्न’. कोण गातंय, कोण वाजवतंय, कशाचा पत्ता नाही. बाजू पलटली की गळा बदलायचा, एकाच्या जागी दोघं गायचे, बास वेगळीच नाचायला लागायची. ड्रमवर बसलेला माणूस मात्र तोच आहे हे कळायचं. कशावरनं? त्याच्या स्नेअरवरनं, म्हणजे पुढ्यातल्या करकरीत आवाजाच्या ड्रमवरनं. मुख्य ठोक्यांच्या मधे तो बारीक-बारीक ठोके सांडत जातो, ऐकू येतील न येतील असे. काठी आपटत नाही, उड्या मारायला मोकळी सोडतो. आणि रोल (सलग ठोक्यांची सर) कितीही लांबला तरी समेवर उतरताना धडपड नाही.

आता तूही तसंच ऐकून बघ. ‘मशीन हेड’मधलं ‘पिक्चर्स ऑफ होम’ सुरूच ड्रमनं होतं. तिथं पेस गाणं अंगावर घेऊन पळतो. मग ‘बर्न’ लाव. आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात की, गाणारा ओळ म्हणत असेल तेव्हा ड्रमवाल्यानं गुमान ठेका धरायचा, रोल ओळ संपल्यावर. ‘बर्न’मधे कव्हरडेल ओळ म्हणतोय आणि खाली पेस ओळभर रोलच टाकतोय. तरी गाणं पडत नाही, गाणाऱ्याचा एक शब्द झाकला जात नाही. हे कामून जमतं? कारण हात एवढे भटकत असताना खालचा पाय घर सोडत नाही. त्याच अल्बमवर ‘यू फूल नो वन’ आहे. त्यात काउबेलवर (काठीनं वाजवायची धातूची घंटा) धरलेली चाल ऐक. ह्यूजला फंकचं वेड, त्यामुळं बास ठुमकते, आणि पेस त्या बासला बिलगून वाजवतो. गिलनच्या काळात तो असा वाजवतच नव्हता, कारण तशी बास शेजारी नव्हती. म्हणून माझं मत, पटो न पटो : गाणी मार्क २ ची, हात मार्क ३ चे.

दोन किरकोळ गोष्टी. पेस डावरा आहे. जुने व्हिडिओ बघून पोरं म्हणतात चित्र उलटं झालंय. उलटं नाही, त्याचा सेटच आपल्या उलट मांडलेला असतो. आणि ‘फायरबॉल’ सुरू होताना जो घर्रर्र आवाज येतो तो कुठलं वाद्यबिद्य नाही, स्टुडिओतला एसी चालू केल्याचा आहे. पेसनं एरवी एकाच बास ड्रमवर (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) आयुष्य काढलं, त्या गाण्यात मात्र दोन वापरले.

खरा कोणता, ते कोर्टानंच एकदा ठरवलंय. १९८० मधे मूळ बँड बंद होता तेव्हा रॉड एव्हन्सला पुढं करून काहींनी डीप पर्पलच्या नावानं अमेरिका-मेक्सिकोत कार्यक्रम लावले. एव्हन्स सोडला तर स्टेजवरचा एकही जण कधी डीप पर्पलमधे नव्हता. लोक खवळले, प्रकरण कोर्टात गेलं आणि ६ लाख ७२ हजार डॉलरची भरपाई बसली. पहिल्या दिवसाचा गायक होता, नाव होतं, गाणी होती. ड्रमवर पेस नव्हता. मला विचारशील तर मी तिकिटाचे पैसे तिथंच परत मागितले असते.

प्रश्न : एसी/डीसीचा फिल रड एका अल्बमभर ठाक-ठूक, ठाक-ठूक एवढंच वाजवतो. आमच्या गल्लीतलं पोरगंही वाजवील. याला कसला मोठा ड्रमर म्हणायचं? – सेलू, जि. परभणी

उत्तर : गल्लीतल्या पोराला ‘बॅक इन ब्लॅक’ लावून द्या आणि पूर्ण गाणं एकही रोल न घेता, एक इंचही पुढं न पळता वाजवायला सांगा. दुसऱ्या कडव्याला त्याचा हात खाजवायला लागेल. १९८० च्या फेब्रुवारीत या बँडचा गायक बॉन स्कॉट वारला, ब्रायन जॉन्सन नवा आला, जुलैत अल्बम बाजारात. लोकांना नवा गळा एवढ्या लवकर गोड लागला त्याचं एक कारण, खालचा ठेका तसूभर हलला नव्हता. १९८३ ला रड गेला. सायमन राइट आला, मग क्रिस स्लेड, दोघंही तयारीचे. पण १९९४ ला बँडनं पुन्हा रडलाच बोलावलं. (आडनावाला प्रत्यय लागला की पंचाईत होते, इलाज नाही.) लग्नाच्या हॉलमधे रात्री अकराला पब्लिक पेटलेलं असताना लय धरून ठेवणं काय असतं, ते त्या जागेवर बसल्याशिवाय कळत नाही.

प्रश्न : मी गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतो. नातू शिकायला घरी असतो, तो दिवसभर कुणा जॉन बॉनमचं वादन लावतो. मला त्यात नुसता दणदणाट ऐकू येतो. यात ऐकायचं काय, ते पखवाजवाल्याला समजेल असं सांगावं. – पैठण

उत्तर : महाराज, नमस्कार. तुमच्यासारख्यांचं पत्र आलं की बरं वाटतं, कारण निम्मं काम आधीच झालेलं असतं.

नातवाला सांगा, ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ लाव. मूळ गाणं १९२९ चं, मिसिसिपी नदीला १९२७ मधे आलेल्या मोठ्या पुरावरचं. बॉनमच्या बँडनं, लेड झेपलिननं, ते १९७१ च्या चौथ्या अल्बममधे घेतलं. सुरुवातीला फक्त ड्रम आहे, तेवढाच ऐका. चार मात्रांचा ठेका. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला स्नेअर, म्हणजे डाव्या हाताची थाप. समेला आणि मधल्या आडवळणांना पायातला मोठा ड्रम. उजवा हात झांजेवर सरळ मात्रा मोजतो. बस. सात मिनिटं जवळपास हेच. आता एक गोष्ट पकडा : स्नेअरची थाप किंचित रेंगाळून पडते. उशिरा नाही, रेंगाळून. तुम्ही विलंबित अभंगाला साथ करताना विणेकऱ्याच्या मागं केसभर राहता ना, तेवढंच. सगळं वजन त्यात आहे. घाईनं वाजवलं तर याच बोलांचा दणदणाट होईल, तुम्ही म्हणता तसा.

दुसरं, आवाज. ड्रम ठेवला होता हॅम्पशायरमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात, जिन्याखालच्या उंच दिवाणखान्यात. अँडी जॉन्स या रेकॉर्डिंगवाल्यानं ड्रमजवळ माइक लावलेच नाहीत. जिन्यावर वर दोन माइक टांगले. म्हणजे आपल्याला ऐकू येतो तो नुसता ड्रम नाही, ड्रम अधिक जिना अधिक भिंती. शिवाय त्यावर एका यंत्रातून पडसाद मिसळलाय, म्हणून प्रत्येक ठोक्यामागं एक पुसट ठोका येतो. दगडी सभामंडपात तुमचा पखवाज जसा अंगणापेक्षा दुप्पट वाटतो, तसंच हे. त्या काळी स्टुडिओत ड्रमवर कापडं टाकून, आत उशा कोंबून आवाज मारायची पद्धत होती. बॉनमला ते मानवायचं नाही. त्याचा पायातला ड्रम २६ इंचांचा, दोन्ही तोंडं बंद, आणि चामडी चांगली ताणलेली. (चामडी म्हणायचं, असतं प्लॅस्टिक.) तुम्ही धुमेला कणीक लावून खालचा आवाज काढता, त्यानं तो आकार आणि ताण यांवर काढला.

आणि तुम्हाला हे सांगितलंच पाहिजे. त्याच अल्बमवर ‘फोर स्टिक्स’ नावाचं गाणं आहे. बॉनमनं ते प्रत्येक हातात दोन-दोन काठ्या धरून वाजवलंय, नाव त्यावरनंच पडलं. चालीत पाच आणि सहा मात्रांचे तुकडे एकाआड एक येतात. बोटावर मोजत बसा, मजा येईल. १९७२ मधे या बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईला आले, आणि आपल्याकडचे वादक घेऊन त्यांनी हे गाणं आणि ‘फ्रेंड्स’ पुन्हा रेकॉर्ड केलं. बॉनम त्यात नाही, तबला आहे. ते रेकॉर्डिंग अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं. नातवाला आधी मूळ लावायला सांगा, मग मुंबईचं. तुम्ही दोघं बसून भांडा.

माणसं बदलण्याच्या बाबतीत हा बँड जगावेगळा. २५ सप्टेंबर १९८० ला बॉनम गेला, वय अवघं ३२. ४ डिसेंबरला उरलेल्या तिघांनी जाहीर केलं की, आता पुढं नाही. दुसरा ड्रमर शोधलाच नाही. २००७ च्या डिसेंबरात लंडनला एका रात्रीपुरते जमले, तेव्हा त्या जागेवर बॉनमचा मुलगा जेसन बसला.

प्रश्न : वडिलांनी जपलेली ऑझी ऑस्बोर्नच्या ‘ब्लिझार्ड ऑफ ऑझ’ची कॅसेट आणि मी जुन्या बाजारातून घेतलेली त्याच अल्बमची सीडी, दोन्हींतला ड्रम वेगळा वाटतो. वडील म्हणतात माझे कान खराब झालेत. – लातूर

उत्तर : तुमचे कान शाबूत आहेत, वडिलांना हे पान दाखवा. सीडी २००२ ची आहे का बघा. असेल तर तिच्यात ड्रम खरंच दुसऱ्याचा आहे.

१९८० चा मूळ अल्बम वाजवला ली कर्स्लेकनं, बासवर बॉब डेझली. पैशावरनं आणि श्रेयावरनं दोघांचा ऑझीच्या बाजूशी वाद झाला, कोर्टबाजी झाली. २००२ मधे अल्बम नव्यानं काढला तेव्हा या दोघांचं वादन पुसून माइक बोर्डिन आणि रॉबर्ट ट्रुहियो यांच्याकडनं पुन्हा वाजवून घेतलं. गिटार रँडी ऱ्होड्सचीच, गळा ऑझीचाच, खालचा पाया तेवढा काढून नवा घातलेला. ‘डायरी ऑफ अ मॅडमन’ (१९८१) चंही तेच केलं. त्याची तर आधीपासूनच कथा : वाजवलं कर्स्लेक-डेझलीनं आणि वेष्टनावर नावं छापली टॉमी ऑल्ड्रिज आणि रूडी सार्झोची, कारण अल्बम येईपर्यंत बँडमधे ते आले होते. म्हणजे वेष्टन वाचून वादक ओळखणारे वीस वर्षं फसत राहिले. लोकांनी एवढी बोंब मारली की, २०११ च्या आवृत्तीत मूळ हात परत आले.

बोर्डिन वाईट ड्रमर नाही, ‘फेथ नो मोअर’मधे त्यानं फार चांगलं वाजवलंय. पण ऱ्होड्सनं १९८० ला गिटार वाजवली ती शेजारी कर्स्लेक वाजवत असताना. त्याच्या कुठल्या रोलवर ऱ्होड्स थबकला असेल, कुठं पुढं गेला असेल. ते दोघांतलं बोलणं होतं. बावीस वर्षांनी एक जण काढून दुसऱ्यानं त्याचे संवाद म्हटले, तर शब्द जुळतील, बाकी काय जुळणार? ‘क्रेझी ट्रेन’ दोन्हीकडचं पाठोपाठ लावा. कॅसेटमधला ड्रम जाड, लाकडी, जरा आळसावलेला वाटेल. सीडीतला चकाचक.

हा कर्स्लेक म्हणजे उराया हीपचा. त्या बँडची सुरुवात तर ड्रमवाल्यांच्या बाबतीत पंचाईतीचीच. पहिल्याच अल्बममधे दोन, अॅलेक्स नेपियर आणि नायजेल ऑल्सन. दुसऱ्याला कीथ बेकर, तिसऱ्याला इयन क्लार्क, चौथ्या ‘डीमन्स अँड विझर्ड्स’ला (१९७२) कर्स्लेक, म्हणजे चौथ्या अल्बमला पाचवा माणूस. आणि नेमका तिथंच बँडचा जम बसला. २०२० मधे तो गेला. त्याच्याआधी ऑझीकडून त्याला या दोन अल्बमच्या प्लॅटिनम डिस्क मिळाल्या, एवढं तरी बरं झालं.

प्रश्न : तुम्ही कोझी पॉवेलचं नावही घेत नाही. का? – जालना

उत्तर : कारण तो माझ्या हिशेबात बसतच नाही. बाकीच्या बँडांत माणसं बदलतात. पॉवेल बँड बदलायचा. जेफ बेककडं, ब्लॅकमोरच्या रेनबोत १९७५ ते ८०, मग मायकल शेंकर, व्हाइटस्नेक, पुढं ब्लॅक सॅबथ. मधेच १९८६ ला इमर्सन आणि लेकबरोबर. आधीचा ड्रमर पामर होता, त्यामुळं ‘ई एल पी’ ही अक्षरंही वाया गेली नाहीत. ‘रेनबो रायझिंग’ (१९७६) मधल्या ‘स्टारगेझर’ची सुरुवात ऐका, पहिल्या काही सेकंदांत माणूस कळतो. गाडी वेगानं चालवायची हौस होती, १९९८ च्या एप्रिलमधे इंग्लंडच्या हमरस्त्यावर अपघातात गेला.

जाता जाता, माझ्याच गेल्या अंकातल्या वाक्याला हा प्रश्न छेद देतो, ते कबूल. ब्लॅक सॅबथमधे सुरुवातीपासून शेवटपर्यंत टिकला तो गिटारवाला टोनी आयोमी. उराया हीपमधे मिक बॉक्स, तोही गिटारवाला. पण सॅबथच्या पहिल्या अल्बममधला बिल वॉर्ड जीन क्रूपासारख्या जॅझ ड्रमरांवर वाढलेला होता. त्याच्यानंतर कितीही तगडा माणूस बसला, तरी तो झोका पुन्हा आला नाही. ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमला शेवटच्या कार्यक्रमात वॉर्ड पुन्हा त्या जागी बसला. पुढच्या सतरा दिवसांत बँडचा मूळ गायक ऑझी गेला.

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या बँडचा ड्रमर नोकरी लागून पुण्याला गेला, त्याच्या जागी मी बसते. बाकीचे म्हणतात, तो वाजवायचा अगदी तस्संच वाजव. एकाला तर मुलगी ड्रमवर हेच पटत नाही. काय करू? – नांदेड

उत्तर : त्या एकाचं आधी निकालात काढू. रश बँडचा ड्रमर नील पर्ट, ज्याच्या पाया पडायला ड्रमवाले रांग लावतील असा माणूस, जानेवारी २०२० मधे गेला. उरलेल्या दोघांनी २०२५ च्या ऑक्टोबरात पुन्हा दौरा काढायचं जाहीर केलं, तेव्हा पर्टच्या जागेवर निवड केली जर्मनीच्या अनिका निलेसची. बाईमाणूस. हे त्याला वाचून दाखव आणि विषय सोड.

आता तस्संच वाजवण्याचं. १९७८ ला ‘द हू’ बँडचा ड्रमर कीथ मून वारला. मून ठेका असा धरायचाच नाही, गाणाऱ्याच्या बरोबरीनं बडबडायचा. त्याच्या जागी केनी जोन्स आला, व्यवस्थित वाजवणारा, जागच्या जागी. वाईट काहीच नाही, पण त्या बँडला व्यवस्थित माणूस पचला नाही. १९९६ ला झॅक स्टार्की आला, २०२५ पर्यंत होता. बीटल्सच्या रिंगो स्टारचा पोरगा, पण ड्रमचा पहिला मोठा सेट त्याला मूनकाकानंच दिलेला. त्यानं मूनची नक्कल केली नाही आणि मूनला घरातनं हाकललंही नाही.

मी ऑर्केस्ट्रात जे पाळलं ते सांगतो, पोरी. गाण्यात काही रोल असे असतात की, पब्लिक ते तोंडानं म्हणतं. ते ड्रमवाल्याचे नसतात, गाण्याचे असतात. तिथं एक ठोका इकडचा तिकडं करायचा नाही. बाकी सगळं तुझं. म्हणून पहिल्यांदा गाणी वहीत उतर : कट कुठं, रोल कुठं, कुठं सगळे थांबतात. १९८० मधे बिल वॉर्ड दौऱ्याच्या मधेच निघून गेला तेव्हा व्हिनी अपिसीनं हेच केलं, वहीत टिपणं काढली आणि जेमतेम तालमीवर हवाईच्या मोठ्या कार्यक्रमाला बसला. पुढच्या वर्षीचा ‘मॉब रूल्स’ त्याच्या हातचा आहे, त्यात वॉर्डची नक्कल शोधून सापडत नाही.

तिसरा रस्ता निको मॅकब्रेनचा. आयर्न मेडनमधे क्लाइव्ह बर गेल्यावर आला, आणि १९८३ च्या त्याच्या पहिल्या अल्बमचं पहिलंच गाणं, ‘व्हेअर ईगल्स डेअर’, त्याच्या रोलनं उघडतं. मी आलोय, हे बँडनंच त्याला सांगू दिलं. डिसेंबर २०२४ पर्यंत तो दौऱ्यांवर होता. तुमच्यात एखादं नवं गाणं बसवत असाल तर त्याची सुरुवात तू माग. जुन्या गाण्यांवरनं भांडू नको, तिथं जुन्याची बाजू जड असते.

प्रश्न : सेकंडहँड ड्रमसेट घेतोय. डबल पेडल लागेलच का? घर वरच्या मजल्यावर आहे. – बीड

उत्तर : नाही लागत. डबल पेडल म्हणजे एकच बास ड्रम दोन्ही पायांनी वाजवायची सोय. लेड झेपलिनच्या पहिल्या अल्बमचं (१९६९) पहिलं गाणं ‘गुड टाइम्स बॅड टाइम्स’ ऐक. पायाचे जे तिहेरी ठोके येतात ते एका पायाचे, एका पेडलवरचे आहेत. मॅकब्रेननंही जवळपास सगळं एका पेडलवर केलं. पहिली दोन वर्षं उजव्या पायाला माणसात आण, डाव्याला हाय-हॅटवर (पायानं मिटायच्या झांजांच्या जोडीवर) बसव. पेडलचे पैसे वाचले की चांगली झांज घे. जुन्या सेटबरोबर येणाऱ्या झांजा ताटासारख्या वाजतात.

वरच्या मजल्याचं असं. हाताचा सराव सेटवर करूच नको. टायरवाल्याकडनं जाड रबराचा तुकडा आण, प्लायवुडवर चिकटव, मांडीवर घेऊन बस. दुपारी चार ते सहा सेट वाजव, खालच्यांना आधी सांगून. सेटखाली जाड सतरंजी, तिच्याखाली दुहेरी गोणपाट. फरशीवर किक मारली की बास ड्रम पुढं सरकत जातो, तेव्हा पुढं एक वीट ठेव. आम्ही मंडपवाल्यांच्या फळ्यांवर कायम तेच करायचो. विटेला कापड गुंडाळ, नाहीतर बास ड्रमची रिंग घासून खराब होते.